पुन्हा येणारा श्रोता

कल्याण-नगर रस्त्याने ओतूर मागे टाकून आळेफाट्याकडे निघाले की वाटेत पिंपरी पेंढार लागते. कांदा, टोमॅटो आणि ऊस ही या भागाची ओळख. मला मात्र हा मुलूख आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. ऐकणाऱ्या माणसांचा हा मुलूख आहे. एका बाजूला ओतूर, जिथे तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. दुसऱ्या बाजूला आळे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथे दाखवतात. दक्षिणेला नारायणगाव, तमाशाची पंढरी. पिंपरी पेंढारपासून ही तिन्ही ठिकाणे फार तर तासाभराच्या वाटेवर. कीर्तन, पोथी आणि तमाशा यांचे श्रोते इथे एकाच घरात सापडतात, पुष्कळदा एकाच माणसातही.

अलीकडे पॉडकास्ट करणारी तरुण मंडळी भेटली की त्यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. श्रोता शेवटपर्यंत कसा थांबवायचा, आणि पुढच्या भागाला तो परत कसा येईल? कोणत्या मिनिटाला किती जण निघून गेले याचा आलेख त्यांना संगणकावर दिसतो. त्यावरून पहिल्या अर्ध्या मिनिटात काय सांगावे, किती मिनिटांनी विषय बदलावा, शेवटी कोणती उत्सुकता ठेवावी, याचे आडाखे बांधले जातात. आलेख नवा आहे, प्रश्न नवा नाही. मराठी मुलखात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली गेली, आणि त्यांतली दोन तर पुणे आकाशवाणी केंद्रावर एकाच वर्षी, शेजारी शेजारी तपासून पाहिली गेली. त्या उत्तरांचा इथे मागोवा घ्यायचा आहे.

पहिले उत्तर सप्ताहाचे. अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवस रोज परत येणारा श्रोता. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, मग प्रवचन, हरिपाठ, रात्री कीर्तन आणि नंतर जागर असा सर्वसाधारण क्रम असतो. रोज रात्री वेगळे कीर्तनकार येतात. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, लोक नामवंत कीर्तनकाराच्या ओढीने येतात. ती ओढ असतेच. पण नामवंत कीर्तनकार एका रात्रीचा पाहुणा असतो आणि सप्ताह सात रात्रींचा. उरलेल्या सहा रात्री मंडप कशाने भरतो?

त्याचे उत्तर ‘अखंड’ या शब्दात आहे. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. ती रात्रंदिवस कोणाच्या तरी गळ्यात असावी लागते. त्यासाठी गावकऱ्यांचे पहारे लावतात. रात्री दोन ते चार अमुक, चार ते सहा तमुक. पंगतीचेही तसेच. कोणत्या दिवशीचे अन्नदान कोणाकडे, हे पत्रिकेत नावानिशी छापलेले असते. कीर्तनातही श्रोता नुसता बसलेला नसतो. कीर्तनकाराने प्रमाण म्हणून अभंगाचा चरण उच्चारायचा अवकाश, मागे उभे असलेले टाळकरी तो उचलतात आणि पुरा करतात. वक्त्याला श्वास घ्यायला उसंत मिळते, श्रोत्याला विचार करायला. ज्याला चाल येते तो गातो, येत नाही तो टाळी धरतो. या मांडणीत ऐकणारा आणि ऐकवणारा यांच्यामध्ये टाळकऱ्यांची एक रांग उभी असते, आणि ती गावातल्याच माणसांची असते. आज खाली बसलेला मुलगा दोन वर्षांनी त्या रांगेत उभा असतो.

ज्या ग्रंथाचे हे पारायण, त्या ग्रंथातही श्रोता गप्प नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव सगळ्यात आधी मागतात ते अवधान. ग्रंथभर ते श्रोत्यांशी बोलतात, त्यांची मनधरणी करतात, आणि श्रोत्यांचे बोलणेही ओवीत येते. 1290 सालच्या या ग्रंथात ऐकणाऱ्याला दिलेली जागा पाहिली की श्रोता टिकवण्याची चिंता आजची नाही हे पटते. फरक एवढाच की तिथे अवधान पळवायचे नसते, मागायचे असते.

दुसरे उत्तर तमाशाचे, आणि ते पुष्कळसे उलटे आहे. यात्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. तमाशाचा श्रोता वर्षातून एकदा येतो, पण आला की त्याला रात्रभर धरून ठेवायचा असतो. त्यासाठी शाहिरांनी रचनाच अशी केली की कंटाळा यायच्या आत रंग बदलतो. गण झाला की गवळण, गवळणीत मावशी आणि पेंद्या, मग बतावणी, रंगबाजी, आणि प्रेक्षक पुरता ताब्यात आल्यावर वग. एकाला भक्ती हवी, दुसऱ्याला लावणी, तिसऱ्याला हजरजबाबी सोंगाड्या. प्रत्येकाला आपले येईपर्यंत थांबावे लागते. मधल्या दौलतजाद्यात पैसे देणाऱ्याचे नाव फडावरून पुकारले जाते. इथेही श्रोत्याला नाव मिळते, पण ते पैशाने मिळते.

या पद्धतीची किंमत कोण मोजतो, हेही या इतिहासात लिहिले गेले पाहिजे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (1935-2002) यांना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी एक हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ही हकिकत सहसा कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. बाहेर बसलेल्यांना खेळ थांबलेला चालणार नव्हता, आणि थांबला तर सुपारीचे काय, हा प्रश्न आत असलेल्या बाईला कळा सोसतानाही विसरता येत नव्हता. श्रोत्याला सतत गुंतवून ठेवायचे हा एकच धर्म झाला, की भार शेवटी सादर करणाऱ्याच्या शरीरावर पडतो. रोज एक भाग टाकलाच पाहिजे म्हणून दमून गेलेल्या आजच्या तरुणांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सप्ताह आणि तमाशा, दोन्हीत श्रोता समोर असतो. त्याची जांभई दिसते, टाळी ऐकू येते. खरी अडचण सुरू झाली ती श्रोता दिसेनासा झाल्यावर, म्हणजे रेडिओ आल्यावर. पुणे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. दीड वर्षानेच, 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या शुक्रवारी, ‘गीतरामायणा’चे पहिले गीत या केंद्रावरून गेले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आणि ही कल्पना उचलून धरणारे केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड. दर आठवड्याला एक याप्रमाणे बावन्न गीतांचा बेत होता. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे गीते 56 झाली.

माणसे दर आठवड्याला का परत येत होती? पुढे काय होणार ही उत्सुकता कारण असूच शकत नाही. रामाला वनवासाला जावे लागणार, सीतेचे हरण होणार, हे घरातल्या पोरालाही ठाऊक होते. शेवट झाकून ठेवला की श्रोता परत येतो, हा आजचा आवडता सिद्धांत गीतरामायणाने आधीच खोटा ठरवला होता. लोक परत येत ते गोष्ट माहीत असल्यामुळे. पुढचे गीत कोणाच्या तोंडी असेल, कौसल्येच्या की शूर्पणखेच्या, तो प्रसंग माडगूळकर कसा उभा करतील, फडके कोणता राग घेतील, ही उत्सुकता होती. आठवडाभर त्या प्रसंगाचा विचार श्रोता स्वतःच करत असे. शिवाय वार आणि वेळ ठरलेली. घरी रेडिओ नसलेले लोक शेजाऱ्याकडे जमत, रेडिओला हार घालत, गीते वहीत उतरवून घेत. ज्याने गीत उतरवून घेतले त्याने ते आपलेसे केले. थोडक्यात, न दिसणाऱ्या श्रोत्यालाही काही काम मिळाले होते, पण ते त्याने स्वतः शोधले होते. केंद्राने त्याच्याकडे मागितले नव्हते.

ते मागण्याचा प्रयोग त्याच केंद्रावर, गीतरामायणाचे वर्ष संपता संपता झाला. या प्रयोगाविषयी मराठीत फार कमी लिहिले गेले आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

1941 साली कॅनडात शेतकऱ्यांसाठी रेडिओवर एक कार्यक्रम सुरू झाला होता. गावोगावी शेजारी जमून तो ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपली मते केंद्राला कळवत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने तो भारतात करून पाहायचे ठरवले आणि जागा निवडली पुणे केंद्राची. त्या वेळी जगदीशचंद्र माथुर आकाशवाणीचे महासंचालक होते. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे, पुण्यासह, आणि त्यांतली सुमारे 150 गावे घेतली गेली. फेब्रुवारी ते एप्रिल 1956 या दहा आठवड्यांत आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास, असे 20 कार्यक्रम झाले. सूत्रातला पहिला शब्द, ‘वाचा’, भारतात गळून पडला. ज्या गावांत निम्म्याहून अधिक माणसांना अक्षरओळख नव्हती तिथे तो टिकणे शक्यही नव्हते. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ एवढे उरले.

प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे एक श्रोता मंडळ होते. त्याला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायचे. निमंत्रकाने चर्चेचा वृत्तान्त आणि मंडळाचे प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. साऱ्या योजनेचा कणा हाच होता. संध्याकाळी आपण विचारलेला प्रश्न काही दिवसांनी पुण्याहून आपल्याच गावात, आपल्या गावाच्या नावासकट ऐकू यायचा. 1956 सालच्या खेड्यात याचा अर्थ काय झाला असेल, याची कल्पना करून पाहावी. तोपर्यंत वरून येणारा आवाज हुकूम देणारा तरी असे, नाहीतर उपदेश करणारा. उत्तर देणारा आवाज नवा होता.

या प्रयोगाचे मोजमाप टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते केले पॉल नॉयराथ यांनी. हा मूळचा व्हिएन्नाचा माणूस. तरुणपणी डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांतून सुटून तो अमेरिकेला गेला आणि समाजशास्त्रज्ञ झाला. छळछावणीतल्या समाजाचा अभ्यास करणारा हा विद्वान मराठी खेड्यांतल्या चर्चा टिपायला यावा, हा योगच म्हणायचा. त्यांनी गावांचे तीन गट तपासले. रेडिओ आणि मंडळ दोन्ही असलेली गावे, रेडिओ असून मंडळ नसलेली गावे, आणि रेडिओच नसलेली गावे. प्रयोगाच्या आधी आणि नंतर, शेती, आरोग्य अशा विषयांवर गावकऱ्यांना काय ठाऊक आहे ते विचारले. मंडळ असलेल्या गावांतली माहिती खूप वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ थोडीच होती.

मला या निष्कर्षाचे महत्त्व फार वाटते. आवाज तोच, मजकूर तोच, वेळही तीच. फरक एवढाच की एका गावात ऐकून झाल्यावर बोलायला माणसे होती आणि प्रश्न पाठवायला पत्ता होता. वीसही कार्यक्रमांना माणसे जमत राहिली ती यामुळे. चर्चा नुसत्या चर्चा राहिल्या नाहीत. कुठे विहिरी खोदल्या गेल्या, कुठे जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, कुठे बालवाड्या निघाल्या. काही ठिकाणी ज्यांना ग्रामपंचायतीत बोलायची सवय नव्हती ते मंडळात बोलू लागले. हीच योजना 1959 मध्ये देशभर नेण्यात आली, आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत मंडळांची संख्या 12,000 च्या आसपास गेली.

पुढे ती ओसरली. ओसरण्याची कारणे वाचताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते. दीडशे गावांना उत्तर देणे एका केंद्राला जमले होते. हजारो मंडळांना जमेना. बैठका अनियमित झाल्या, वृत्तान्त येईनासे झाले, आणि प्रश्न पाठवून उत्तर आले नाही की पुढचा प्रश्न कोण पाठवणार? पुणे केंद्राने 1956 साली श्रोत्याला जे दिले होते ते कार्यक्रमाच्या गुणवत्तेपेक्षा वेगळे होते. ते होते उत्तर. ते थांबले तेव्हा रेडिओ चालू राहिला, श्रोता मंडळे मात्र विरली. पुढे ट्रान्झिस्टर आला. ऐकणे खिशात आले, एकट्याचे झाले.

तिथून पॉडकास्टपर्यंतची वाट सरळ आहे. ‘पॉडकास्ट’ हा शब्द 2004 साली ‘गार्डियन’ दैनिकात बेन हॅमरस्ली यांनी वापरला आणि रुळला. या माध्यमाची मूळ करामत अशी की श्रोत्याने एकदा नोंदणी केली की नवा भाग आपोआप त्याच्याकडे येतो. सप्ताहाला श्रोता मंडपात जातो, तमाशाला यात्रेत जातो, गीतरामायणाला ठरल्या वेळी रेडिओजवळ येतो. पॉडकास्टमध्ये भाग श्रोत्याकडे जातो. मग श्रोत्याचे ‘परत येणे’ म्हणजे नेमके काय? कानात आवाज चालू असणे म्हणजे येणे नव्हे.

याचा अर्थ नवे माध्यम हलके आहे, असा नाही. मराठीत आज दीड-दोन तास निवांत बोलणारे पॉडकास्ट आहेत आणि ते शेवटपर्यंत ऐकणारे लोकही आहेत. लोकांना आता धीर नाही, ही तक्रार त्यामुळे मला पटत नाही. पण त्याच मोबाइलवर दोन तासांच्या कीर्तनातला मिनिटभराचा विनोद कापून फिरवला जातो. मूळ निरूपण कोणत्या अभंगाचे होते हे ऐकणाऱ्याला कळत नाही. आलेखाच्या हिशेबात तो तुकडा यशस्वी असतो, कारण तो सगळे जण पुरा ऐकतात. टाळकऱ्यांची रांग मात्र त्यातून कापली गेलेली असते. हा तमाशाचाही वारसा नव्हे. तमाशात बतावणीवर हसणारा माणूस वगालाही बसून राहत असे.

पुन्हा पिंपरी पेंढारच्या परिसराकडे पाहू. जुन्नर-आंबेगावात बिबट्याचा वावर आता वस्तीपर्यंत आला आहे. शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि पाळी रात्रीची असली की पाणी धरायला रात्रीच जावे लागते. अशा वेळी एकटे जाऊ नका, जावेच लागले तर मोठ्याने बोला, मोबाइलवर गाणी किंवा रेडिओ लावा, असा सल्ला वनखात्याकडून दिला जातो. म्हणजे या शिवारात आवाज ही केवळ करमणूक राहिलेली नाही. अंधारात माणूस आहे हे सांगणारी ती खूण आहे. बांधावर कीर्तन किंवा गप्पांचा एखादा पॉडकास्ट लावून पाणी धरणारा शेतकरी हा आजचा श्रोता. 1956 साली त्याचा आजा मंडळात बसून पुण्याला प्रश्न पाठवू शकत होता. नातवाच्या खिशात त्या रेडिओच्या शेकडो पट ताकदीचे यंत्र आहे, आणि ज्याचा आवाज तो रात्रभर ऐकतो त्याला हा कोण, कुठला, कोणत्या भीतीत उभा, याचा पत्ता नाही. आलेखावर तो एक ठिपका आहे, शेवटपर्यंत ऐकणारा.

म्हणून श्रोता कसा टिकवावा, असे मला कोणी विचारले तर मी पहिल्या अर्ध्या मिनिटाविषयी काही सांगणार नाही. मी विचारीन, तुमच्या कार्यक्रमात वीणा कोणाच्या गळ्यात द्यायची सोय आहे का? ऐकणाऱ्याचा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचतो का, आणि पोचला तर पुढच्या भागात त्याच्या गावाच्या नावासकट उत्तर मिळते का? दहा हजारांना उत्तर देता येत नसेल तर दीडशेंना देता येईल का? पुणे केंद्राने दहा आठवडे एवढेच केले होते, आणि सप्ताहाच्या मंडपात एवढेच होत आले आहे. सांगणाऱ्याचा आवाज गोड असला की माणूस एकदा येतो. दुसऱ्यांदा तो येतो ते आपल्याला तिथे कोणीतरी धरून चालले आहे, या विश्वासावर.